कॉम्प्रेसरचा खून कोण करतं?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'एअर सस्पेन्शनची जुनी गाडी घ्यावी का?'. एअर सस्पेन्शन म्हणजे स्प्रिंगांऐवजी हवा भरलेल्या रबरी पिशव्यांवर तोललेली गाडी; त्या पिशव्यांत हवा भरतो तो कॉम्प्रेसर. त्यावर येतोच. पण आधी एका समजुतीचा निकाल लावू द्या. 'हवेवरची गाडी नको रे बाबा, कॉम्प्रेसर जातो', हे वाक्य इथल्या प्रत्येकाने ऐकलंय. माझं म्हणणं असं, की कॉम्प्रेसर सहसा आपल्या मरणाने मरत नाही. त्याला मारलं जातं. मारणारं असतं एखादं म्हातारं रबर, नाहीतर सांध्यातली नखाएवढी रबरी कडी, ओ-रिंग.

हा रोग नवा नाही. 1957 च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅमला चारही चाकांवर हवेचं सस्पेन्शन होतं. गळतीला कंटाळून पुढे अनेक मालकांनी ते काढून साध्या कॉइल स्प्रिंगा बसवल्या. मर्सिडीजने 1998 च्या एस-क्लासला 'एअरमॅटिक' दिलं, तोवर सेन्सर आले, संगणक आला. पण हवा धरून ठेवायला रबरच राहिलं. (सिट्रोएन डीएसचं कोणीतरी विचारणारच, म्हणून सांगतो: 1955 ची ती गाडी तेल आणि नायट्रोजनवर चालायची. सुंदर प्रकरण आहे, पण वेगळं.)

आता माझी तक्रार ऐका. आमच्या घरातल्या गाडीची मागची उजवी बाजू रात्रीत बसायची. सकाळी स्टार्टर मारला की घूंऽऽ करत कॉम्प्रेसर चालायचा आणि गाडी उठायची. एका मोठ्या वर्कशॉपात नेली. लॅपटॉप लावला, कॉम्प्रेसरच्या बिघाडाचा कोड आला, कॉम्प्रेसर बदलला. बिल भरलं. पुढच्या पावसाळ्यात तेच: तोच कोड, पुन्हा नवा कॉम्प्रेसर. अहो, एकच कोपरा बसतोय! कॉम्प्रेसर चारही कोपऱ्यांना एकच असतो. एका कोपऱ्याचा दोष त्याच्या माथी कसा मारता?

शेवटी गाडी सर्वांत वरच्या उंचीवर घेतली, खाली भक्कम स्टँड लावले आणि भांड्याच्या साबणाचं पाणी फवारलं. उंची वाढवणं महत्त्वाचं, कारण नेहमीच्या उंचीला बेलोच्या, म्हणजे हवेच्या पिशवीच्या, रबराची घडी आत वळलेली असते आणि चिरा नेमक्या त्या घडीत असतात. घडी उलगडली, तर आत वाळलेला चिखल, त्याखाली केसासारख्या बारीक भेगा आणि एका भेगेतून मोहरीएवढे बुडबुडे, एकामागून एक. पंक्चरवाल्या पोराला जे कळतं, ते हातात लॅपटॉप असलेल्या माणसाला दोनदा कळलं नाही. मला पैशांचा राग नाही, न बघण्याचा आहे.

या बुडबुड्यांनी कॉम्प्रेसर कसा मरतो, हे नीट ऐका, आजचा खरा मुद्दा हाच. कॉम्प्रेसर थोडा वेळ चालून थांबण्यासाठी केलेला असतो. गळती असली की तो उगाच चालत राहतो आणि तापतो. पण त्याहून वाईट गोष्ट ड्रायरमध्ये, म्हणजे कॉम्प्रेसरची हवा वाळवणाऱ्या डबीत, घडते. आत येणाऱ्या हवेतली ओल ड्रायरमधले दाणे शोषून घेतात. गाडी खाली येताना हवा त्याच दाण्यांतून उलटी बाहेर पडते आणि ओल सोबत नेते. म्हणजे दाणे पुन्हा कोरडे! पण हवा बेलोच्या भेगेतूनच निसटली, तर ती ड्रायरमधून परत जातच नाही. ओली हवा येत राहते, दाणे भिजतात, त्यांचा भुगा होतो. मग पाणी आणि भुगा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, म्हणजे चारही कोपऱ्यांना हवा वाटणाऱ्या झडपांच्या ठोकळ्यात, जातो, व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत आणि गळती आणखी वाढते. कोकणातल्या जुलैच्या हवेत हे किती लवकर होईल, विचार करा.

दादर-पुणे शिवनेरीने आपण सगळे गेलोय. तिच्या व्होल्वो बसही हवेवरच तरंगायच्या. तिथे ब्रेकसुद्धा हवेचे, म्हणून ओल रोखणं सक्तीचं: ड्रायरची कार्ट्रिज बदलायची, टाकीतलं पाणी काढायचं. आपल्या गाडीचा ड्रायर मात्र बंद पडेपर्यंत कोणी उघडूनही बघत नाही.

आयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली. तर जुनी गाडी घ्यावी का? घ्या, पण बघून. रात्रभर एका जागी उभी करायला सांगा आणि सकाळी इंजिन चालू करण्याआधी चाकांवरच्या चारही कमानींची उंची टेपने मोजा. एकच कोपरा खाली असेल, तर बहुधा बेलो किंवा त्याची नळी. दोन-तीन कोपरे बसले असतील, तर व्हॉल्व्ह ब्लॉकवर संशय घ्या. महिनाभर उभी राहून थोडी बसली, तर घाबरू नका. चालू केल्यावर कॉम्प्रेसर लवकर थांबतो का, ते ऐका. उंची बरोबर असूनही तो थांबत नसेल, तर रिले, म्हणजे कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा विजेचा स्विच, चिकटला असेल. तो स्वस्तात बदलता येतो. गाडीची उंची मोजणाऱ्या हाइट सेन्सरची दांडी हलवून बघा, ती गंजून अडकते.

घेतल्यावर एवढं करा: कॉम्प्रेसर बदलायची वेळ आलीच, तर ड्रायर आणि रिलेही नवे घाला, पण आधी गळती शोधा. कोकणातून आलात की खालून साध्या पाण्याने बेलोच्या घड्या धुवा. टायर बदलताना जॅक मोड लावा, म्हणजे उंची आपोआप बदलणं थांबतं. आणि गाडी उचललेली असताना बेलोतली हवा गेली असेल, तर हवा भरल्याशिवाय गाडीचं वजन त्यावर टेकवू नका; घडी उलटी पडून नवं रबरही फाटतं.

विचारा प्रश्न. मागच्या रांगेतून सुरुवात करू.