तार झणझणतीय, पण नेमकी कुठं?

श्रोतेहो, नमस्कार.

मिरजेला तानपुरे करणाऱ्या कारागिरांकडं कधी गेला असाल, तर एक काम तुम्ही बघितलं असेल. घोडीचा माथा जरासा घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. तार घोडीच्या माथ्यावर अशी निसटती टेकली पाहिजे की तिच्यातून झंकार निघावा. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवून तो झंकार खुलवायचा. हीच जवारी. सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचा हा मुलूख, त्यामुळं आपल्याकडं ज्याला गाण्यातलं फारसं कळत नाही, त्यालाही जवारीचा आवाज ओळखू येतो.

मी दुरुस्त करतो इलेक्ट्रिक गिटार. माझ्याकडंही लोक झंकाराचीच तक्रार घेऊन येतात, फक्त तो त्यांना नको असतो. गोष्ट मात्र तीच. हलणारी तार कशाला तरी टेकतीय. मिरजेचा कारागीर ती मुद्दाम टेकवतो, आमच्याकडं ती चुकून टेकते. कशाला टेकते, ते शोधायचं, एवढंच काम.

गेल्या पावसाळ्यात खानापूरकडचा एक मुलगा युरियाच्या पोत्यात गिटार गुंडाळून आला. म्हणाला, "काका, झणझणतीय. रॉड आवळला तरी जाईना."

"रॉडला हात कुणी लावला?"

"मीच की ओ. व्हिडिओ बघून."

गिटारच्या मानेत एक पोलादी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. सहा तारा मिळून मानेला चाळीस किलोच्या आसपास ओढतात, सिमेंटच्या पोत्याहून थोडीच कमी ओढ. मान पुढं वाकू नये म्हणून ही सळई तिला मागं धरून ठेवते. ती आवळली की मान मागं जाते आणि तारा पडद्यांच्या, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, आणखी जवळ येतात. म्हणजे बहुतेक वेळा झणझण वाढतेच. माझं ऐकाल तर रॉडचा पाना शेवटी उचला. मी हे शिकलो ते मित्राची गिटार बिघडवून. विशीत होतो, एकाच बैठकीत दोन पूर्ण आटे दिले आणि रॉडचा नट फिरायचाच थांबला. आता पाव आटा देतो, तारा परत सुरात लावतो आणि गिटार रात्रभर तशीच ठेवतो. लाकूड लगेच ऐकत नाही.

त्या मुलाला मी विचारलं, झणझण कुठल्या तारेवर? म्हणाला, तिसऱ्या. मग चौथ्या तारेवर पाचवा पडदा दाबायला लावला, म्हणजे तिसऱ्या मोकळ्या तारेचाच सूर. तिथंही झणझणली. पाचव्या तारेवर दहावा पडदा, सूर तोच. तिथंही. जागा बदलते, तार बदलते, पण सूर तोच आणि झणझणही तीच, मग पडद्यांचा यात काही दोष नाही. गिटारवरची एखादी सैल वस्तू त्या सुराला थरथरतीय. अशा वेळी एका हातानं तो सूर वाजवायचा आणि दुसऱ्या हाताचं बोट एकेका खुंटीवर, स्क्रूवर, स्प्रिंगवर ठेवत जायचं. बोट ठेवल्यावर आवाज थांबला की चोर सापडला. इथं दुसऱ्या खुंटीचा वरचा नट सैल होता. हातानं आवळला. खरा वेळ गेला तो त्यानं आवळलेला रॉड परत जागेवर आणण्यात, दोन दिवस.

झणझण ठरावीक सुराची नसून ठरावीक जागेची असेल, तर ती जागाच सांगते काय बिघडलंय. फक्त मोकळी तार झणझणते आणि पहिला पडदा दाबला की साफ वाजते, तर मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीतून जातात, त्या नटची खाच खोल झालीय. नवीन नट बसेपर्यंत खाचेत चिमूटभर खाण्याचा सोडा भरून वर फेविक्विकचा थेंब टाकतात आणि खाच परत कोरतात. तात्पुरतं काम भागतं. पहिल्या चार-पाच पडद्यांत सगळीकडं झणझण असेल, तर मान फार सरळ झालीय किंवा मागं गेलीय, आणि इथं रॉड थोडा सैल करायचा. एकाच पडद्यावर झणझण असेल तर त्याच्या पुढचा पडदा उंच आहे. तो ठोकून बसवायचा किंवा घासायचा, पण हे काम घरी करू नका. आणि सगळीकडंच झणझणत असेल, तर घोडीवरच्या तारा खाली गेल्यात. बाराव्या पडद्यावर जाड तारेखाली साधारण दोन मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दीडच्या वर जागा हवी. जोरात मारणाऱ्याला याहून जास्त.

मान तपासायला पट्टी लागत नाही. जाड तार पहिल्या पडद्यावर दाबा आणि जिथं मान अंगाला मिळते तिथल्या पडद्यावरही दाबा. मध्ये सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार आणि पडद्यात पाव मिलिमीटर फट दिसली पाहिजे. पोस्टकार्ड सरकेल एवढी. आमच्याकडं आषाढात लाकूड ओल खातं आणि फट बदलते. मार्चमध्ये लाकूड सुकून आक्रसतं आणि पडद्यांची टोकं काठाबाहेर येऊन तळव्याला टोचतात. म्हणून एकदा लावलेली गिटार वर्षभर तशीच राहील, या भरवशावर राहू नका.

हे सगळं करायच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारा. झणझण अँपमधून, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीतून, येते का? बऱ्याच जणांना ती घरी अँप न लावता, खोलीतल्या शांततेत ऐकू येते आणि ते हैराण होतात. अँप लावला की गायब. मग सोडून द्या. काही वादक तारा मुद्दाम खाली ठेवतात, बोटांना सोपं जावं म्हणून, आणि तेवढी झणझण चालवून घेतात.

आणि तारा कधी बदलल्या होत्या? हे विचारलं की पुढचा माणूस छताकडं बघतो. घामानं आणि पावसाळी हवेनं गंजलेली तार मेलेली असते. तिचा आवाज बसतो आणि ती सुरातही लागत नाही. वाजवून झालं की जुन्या धोतराच्या तुकड्यानं प्रत्येक तार खालून-वरून पुसा. नवीन तारा चढवल्यावर त्या हातानं ओढून ताणा आणि परत लावा, नाहीतर दोन दिवस सूर उतरतच राहील. नऊ नंबरच्या जागी त्याहून जाड दहा नंबरच्या तारा लावल्यात तर ओढ वाढते, मान हलते, म्हणजे सगळं परत बघावं लागतं.

मोकळी तार सुरात आहे, पण वर गेलं की बेसूर लागतंय? मग बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून सूर काढा आणि नंतर तोच पडदा दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा लागला तर घोडीवरचा सॅडल, म्हणजे तार ज्यावर टेकते तो तुकडा, मागं घ्या, म्हणजे तार लांब होते. उतरा लागला तर पुढं. हे नवीन तारांवरच करा, मेलेल्या तारेवर केलेलं फुकट जातं. आणि पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारी तारांखालची चुंबकं-वेटोळी, फार वर चढवले असतील तर त्यांचं चुंबक जाड तारेला ओढतं, एक सूर दोन सुरांसारखा डगमगतो. तसं ऐकू आलं तर घोडीला हात लावायच्या आधी पिकअप खाली करा.

राहिली घुंघुं. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. पन्नास म्हणजे खालच्या जी सुराच्या अगदी जवळ. गंमतीनं मी त्याला विजेचा तानपुरा म्हणतो. एकेरी वेटोळ्याचे पिकअप ही घुंघुं पकडतात. 1955 मध्ये गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी उलट दिशेची दोन वेटोळी जोडून ती घालवली, तोच हंबकर. तारांना हात लावल्यावर घुंघुं कमी झाली, तर घोडीची अर्थची वायर ठीक आहे आणि गिटारच्या पोटात तांब्याची पट्टी चिकटवली की बराच फरक पडतो.

पण तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर ती गिटार वाजवूच नका. एका गणपती मंडळाच्या स्टेजवर जनरेटरला अर्थिंग नव्हतं. एक हात तारांवर होता, ओठ माईकला लागले आणि मी मागं पडलो ते थेट ढोलकीवर. ढोलकी फुटली. तेव्हापासून स्टेजवर चढलो की आधी टेस्टर काढतो, गिटारची पेटी नंतर उघडतो. मंडळाची पोरं हसतात. हसू देत.

नमस्कार.