वरचा ओठ उचलून

(दृश्य : दिघा, नवी मुंबई. सकाळ. अंगणवाडीच्या दारात चपलांचा ढीग.)

बाळाला पहिला दात आला की घरात आधी बघतात, खालचा आला की वरचा. वरचा आधी आला तर मामाला जड म्हणतात. आजी हिरडीवरून बोट फिरवते, मामाला फोन जातो. एवढ्याशा दाताकडे अख्ख्या घराचं लक्ष असतं. मग दुसरा येतो, चौथा येतो, आणि बघणं थांबतं.

आज अंगणवाडीत दातांच्या डॉक्टर आल्यात. खोलीत प्लास्टिकची दोन स्टुलं आहेत, गुडघ्याला गुडघा लागेल अशी समोरासमोर मांडलेली. आई मुलाला आपल्याकडे तोंड करून मांडीवर घेते, त्याचे पाय कमरेच्या दोन बाजूंना, आणि हळूच मागे झुकवते. डोकं डॉक्टरांच्या मांडीवर टेकतं. मूल रडतं. रडू दे, रडताना तोंड उघडं राहतं.

"आता वरचा ओठ तुम्हीच उचला, ताई."

आई बोटाने ओठ वर करते. पुढच्या दातांवर, हिरडीला लागून, खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ. मूल दीड वर्षाचं. दूध लागलं असेल म्हणून ती ओढणीच्या टोकाने पुसते. रेघ जात नाही.

कीड इथूनच सुरू होते. या पायरीवर ती थांबवता येते, दाताचं कवच बळकट करणारं फ्लोराइड मिळालं आणि साखर आटोक्यात आली तर. तपकिरी खड्डा पडला की तो आपोआप भरून येत नाही. दुधाच्या दाताचं कवच पातळ, त्यामुळे कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत लवकर पोचते.

बहुतेक वेळा मूळ असतं रात्रीच्या बाटलीत. झोपेत लाळ कमी होते आणि साखर घातलेलं दूध वरच्या दातांभोवती साचून राहतं. खालचे पुढचे दात जिभेआड झाकलेले, म्हणून ते बरेचदा शाबूत दिसतात.

यात आईला दोष देणं मला मान्य नाही. डबे करून, पाणी भरून रबाळ्याच्या एमआयडीसीत पाळीला जाणारी बाई रात्री मूल शांत झोपावं म्हणून बाटली देते. लसीचं कार्ड तपासलं गेलं, वजन झालं. तोंडात बघायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

(दृश्य : आया सतरंजीवर गोल करून बसल्यात.)

"दुधाचेच दात ना मॅडम, पडणारच आहेत."

हे वाक्य प्रत्येक वस्तीत ऐकू येतं. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तेवढी वर्षं मूल त्यांनीच भाकरी चावतं. दाढ ठणकली की जेवण सुटतं, झोप मोडते, वजन वाढत नाही. शिवाय त्या लवकर गेल्या तर त्यांच्या जागी येणाऱ्या पक्क्या दातांची जागा आवळते.

मग डॉक्टर आयांना स्वतःचं तोंड उघडायला सांगतात. हशा पिकतो, आणि एकेकीची किडलेली दाढ बाहेर येते. किडीचे जंतू बाळ जन्मताना घेऊन येत नाही. घास चाखून पाहिलेला चमचा त्याच्या तोंडात जातो, त्या लाळेतून ते पोचतात. म्हणून आईची दाढ आधी भरून घ्यायची. गरोदरपणात दातांना हात लावू नये, असं सांगणारे घरोघरी भेटतात. डॉक्टरांना गरोदर असल्याचं सांगून उपचार करता येतात, मधले तीन महिने त्यातल्या त्यात सोयीचे.

बाकीचं चटकन सांगून होतं. पहिला दात दिसला की ब्रश. तीन वर्षांपर्यंत पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत मटाराएवढी, फ्लोराइडची. रात्री घासल्यावर पाण्याखेरीज काही नाही. जेवणासोबत एकदा खाल्लेला लाडू परवडला, दिवसभर हातात धरून चघळलेलं बिस्कीट नको.

(दृश्य : रात्र. दहा बाय दहाची खोली.)

बाटलीत आज साधं पाणी आहे. धाकटा थोडा वेळ रडतो. आई त्याचं डोकं मांडीवर घेते, मोबाइलचा उजेड पाडते, ओठ उचलते.

"माझे पण बघ ना, आई." मोठी सहा वर्षांची. तिच्या शेवटच्या दाढेमागे हिरडीतून काहीतरी वर येतंय. एकही दात न पाडता आलेली ही दाढ पक्की आहे, पण दुधाची समजून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. अजून अर्धीच उगवलीय, त्यामुळे सरळ धरलेला ब्रश तिच्यापर्यंत पोचत नाही. आई तो गालाच्या बाजूने आडवा घालते, आणि पुन्हा एकदा फिरवते.