नागोयाच्या चहादाणीवरचे गुलाब

(दृश्य : काळ्या कापडावर ठेवलेली चहादाणी. कॅमेरा सावकाश तिच्याभोवती फिरतो.)

ही चहादाणी जपानमध्ये घडली, जपानमध्येच रंगली. पण जपानी घरात ती बहुधा कधी नांदली नाही. तिचा कान पाहा. तो तोटीच्या बरोबर समोरच्या बाजूला आहे. जपानी घरात हिरव्या चहासाठी जी क्यूसू वापरतात, तिची मूठ बहुतेक वेळा तोटीला काटकोनात असते. ती एका हातात धरायची, अंगठ्यानं झाकण दाबायचं आणि मनगट वळवून चहा ओतायचा. आपल्या समोरची चहादाणी मात्र काळ्या पत्तीच्या चहासाठी, दूध-साखरेच्या भांड्यांसोबत अमेरिकेतल्या टेबलावर मांडायला केलेली आहे. तिच्या पोटावर टपोरे गुलाब आहेत. त्यांच्यामागे तळं, झाडी आणि धूसर आकाश आहे, आणि ते सगळं युरोपातलं वाटावं असं रंगवलंय.

(दृश्य : दोन हात झाकण बाजूला ठेवून चहादाणी उलटी करतात. तळावरचा शिक्का जवळून.)

तळाला हिरव्या रंगात पानांची माळ, तिच्यात ‘एम’ हे रोमन अक्षर, आणि शब्द : ‘हँड पेंटेड, निप्पॉन’. संग्राहक भांडं हातात घेतात ते आधी उलटं करूनच, कारण काळ ठरवायला हा शिक्का फार उपयोगी पडतो. अमेरिकेत १८९० साली मॅकिन्ली यांच्या नावानं ओळखला जाणारा आयातकराचा कायदा झाला. त्यानुसार १८९१च्या मार्चपासून बाहेरून येणाऱ्या मालावर तो कुठल्या देशाचा आहे हे लिहिणं सक्तीचं झालं. जपानी कारखानदार ‘निप्पॉन’, म्हणजे जपानचं जपानी भाषेतलं नाव, लिहू लागले आणि तीस वर्षं ते चाललं. १९२१ मध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्यानं या जपानी शब्दाला हरकत घेतली आणि त्याच मालावर ‘जपान’ उमटू लागलं. माळेतला एम त्याहून नेमकं काही सांगतो. एम म्हणजे मोरिमुरा ही कंपनी, आणि हे चिन्ह साधारण १९११ पासूनचं. म्हणजे ही चहादाणी त्या पुढच्या दहाएक वर्षांतली.

कंपनीचे संस्थापक मोरिमुरा इचिझाएमोन यांनी १८७६ साली धाकट्या भावाला, तोयोला, न्यूयॉर्कला पाठवलं. तिथल्या दुकानातून जपानी वस्तू विकायच्या, एवढाच सुरुवातीचा बेत होता. पंखे, कंदील, पितळी वस्तू आणि त्यांच्यासोबत चिनी मातीची भांडी. भांडी सगळ्यांत जास्त खपली. १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानंतर कंपनीनं जपानी वळणाची चित्रं मागे ठेवून पाश्चात्त्य धाटणीवर भर दिला. न्यूयॉर्कमध्ये नक्षीचे नमुने काढले जात, रंगीत कागदांवर ते जपानला जात, आणि सेतो-मिनो भागात भाजलेल्या कोऱ्या पांढऱ्या भांड्यांवर नागोयाचे चित्रकार ते उतरवत. १९०४ मध्ये नागोयाजवळच्या नोरिताके गावात कंपनीनं स्वतःचा कारखाना उभारला. आज जगभर ज्याला नोरिताके म्हणून ओळखतात, तो हाच.

(दृश्य : भिंगातून गुलाबाची एक पाकळी.)

आता शिक्का विसरू आणि भिंग घेऊ. माझ्या मते चहादाणीची खरी ओळख इथून सुरू होते.

ही पाकळी पाहा. कुंचला टेकला तिथे रंग दाट आहे, उचलला तिथे पातळ होत होत खालचा पांढरा दिसू लागलाय. केसांच्या बारीक रेघाही दिसतात. चित्र छापाचं असतं, तर भिंगाखाली एकसारखे ठिपके दिसले असते. छापाच्या आणि हाताच्या मधलीही एक तऱ्हा आहे : बाह्यरेषा छापून घ्यायची आणि आत रंग हातानं भरायचा. किमोनो घातलेल्या बायकांची चित्रं असलेली त्या काळातली असंख्य भांडी अशीच केलेली आहेत. त्यांनाही चाहते आहेत आणि त्यांचं मोल मी कमी लेखत नाही. पण मुक्त हातानं काढलेल्या पाकळीत जे धाडस असतं, ते तिथे सापडत नाही.

धाडस म्हणायचं कारण भट्टी. पोर्सिलेनचं भांडं झिलई, म्हणजे काचेसारखा थर, चढवून सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजतात, तेव्हा ते टणक आणि चकचकीत होतं. रंग त्यानंतर, त्या गुळगुळीत झिलईवर चढतात आणि भांडं पुन्हा भट्टीत जातं, या वेळी ७००-८०० अंशांच्या आसपास. रंग काचेच्या भुकटीत मिसळलेले असतात. ती वितळली की रंग झिलईला धरतो. सोनं शेवटी, कारण त्याला सगळ्यांत कमी आच पुरते. ते द्रवरूपात लावतात तेव्हा तपकिरी दिसतं. म्हणजे चित्रकार कुंचला फिरवतो ते शेवटी कसं दिसेल याचा अंदाज मनाशी धरून. आच जास्त झाली तर नाजूक छटा फिक्या पडतात.

(दृश्य : कानाजवळची उठावाची सोनेरी नक्षी, तिरप्या प्रकाशात.)

इथे बोट फिरवलं तर नक्षी हाताला लागते. दाटसर पातळ माती निमुळत्या नळीतून, मेंदीच्या कोनातून काढावी तशी भांड्यावर सोडायची, ही मोरिआगे पद्धत. प्रत्येक थेंब सारख्या आकाराचा पडला पाहिजे आणि हात थांबता कामा नये. कानाच्या खालच्या टोकाशी दोन-तीन थेंब एकमेकांना चिकटलेत. मला ही जागा फार आवडते. इथे माणूस दिसतो.

त्या माणसाचं नाव मात्र कुठेच नाही. त्याच काळात ओसाकाचे याबु मेइझान सात्सुमा नावाच्या जपानी शैलीची अतिशय सूक्ष्म चित्रांची भांडी करत आणि त्यांवर सही असे. अर्थात त्या सहीमागेही कार्यशाळेतले अनेक हात होते. इथे तर तेवढीही सही नाही. फुलं एकानं काढायची, सोनेरी किनार दुसऱ्यानं, अशी कामाची वाटणीही असे. सही नसलेल्या मालाला दुय्यम समजण्याची संग्राहकांची सवय मला अन्यायाची वाटते. या पाकळ्या काढणाऱ्याचा हात कच्चा नव्हता.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात रतन टाटा आणि दोराब टाटा या बंधूंच्या संग्रहातून आलेल्या चिनी-जपानी कलावस्तू आहेत. शक्य असेल तर त्या आधी निवांत पाहा. नजर तिथे तयार होते, आणि तयार नजर बाजारात उपयोगी पडते.

कारण बाजारात नकलाही आहेत. ‘निप्पॉन’ शिक्क्याला भाव आल्यावर, विसाव्या शतकाच्या अखेरीस, तोच शिक्का मारलेली नवी भांडी निघाली. ती सहसा जड असतात, नक्षी सपाट असते, सोनं भडक आणि नको तितकं शाबूत असतं. शंभर वर्षं वापरलेल्या चहादाणीचं सोनं कानावर आणि झाकणाच्या बोंडावर थोडं तरी झिजायला हवं. तोटीचं टोक अतिनील दिव्याखाली धरा. टवका भरून रंगवलेला असेल तर तेवढी जागा वेगळी चमकते.

अशा चहादाणीत चहा मात्र करू नका. झिलईवरच्या जुन्या रंगांत शिसं असू शकतं, आणि घासण्यानं सोनं जातं.

(दृश्य : झाकण पुन्हा बसवलं जातं. पोटावरची किनार आणि झाकणावरची किनार एकाच चौकटीत.)

विकत घेताना शेवटी झाकण तपासा. झाकणं फुटतात, आणि विक्रेते दुसरीकडचं झाकण जुळवून देतात. ते नीट बसतंय एवढ्यावर समाधान मानू नका. दोन्हीकडच्या सोन्याची छटा एकच आहे का, किनारीच्या वेलांटीचा वेग एकच आहे का, आणि बोंडाजवळची पानं पोटावरच्याच हातानं काढली आहेत का, हे भिंगातून बघा. या चहादाणीत ती त्याच हातची आहेत.