६३ बाइटांचं नाव

मंडळी, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पॅच, म्हणजे सोर्स कोडातला आपला छोटा बदल, टाकून डेबियन लिनक्सचं पॅकेज स्वतः कसं बांधायचं, हा आजचा विषय. त्याआधी एक नाव ऐका: 'मालमत्ता_कर_थकबाकी_मागील_वर्ष'. टेबलातल्या एका रकान्याचं नाव आहे. शेजारचा रकाना 'मालमत्ता_कर_थकबाकी_मागील_तिमाही'. हे टेबल बनवायला गेलात तर पोस्टग्रेस म्हणतं, एकच रकाना दोनदा दिलाय!

नावाला जागा ६३ बाइटांची. इंग्रजीची त्यात ६३ अक्षरं मावतात. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगळं मोजायचं. म्हणजे जेमतेम २१ चिन्हं. ही दोन्ही नावं 'मागी'पाशी तुटतात, 'ल' बाहेर राहतो. इंग्रजीत नावं द्या, असं मला नेहमी सांगतात. का द्यायची? ते टेबल रोज उघडणाऱ्या माणसाला ते त्याच्या भाषेत वाचता आलं पाहिजे. हा हट्ट मी सोडणार नाही.

सोर्समध्ये ही मर्यादा एका ओळीची आहे: नेमडेटालेन नावाचा स्थिरांक, किंमत ६४, त्यातला एक बाइट नाव संपल्याची खूण असलेल्या शून्याचा. १२८ करा, कंपाइल करा, नव्यानं इनिटडीबी करा, म्हणजे डेटाचं फोल्डर कोरं तयार करा. एका कार्यालयात कुणीतरी हेच केलं होतं. फक्त पॅकेजचा आवृत्ती क्रमांक मूळचाच ठेवला, कुठे नोंद केली नाही, आणि पुढे नोकरी सोडली. एका रात्री आपोआप अपडेट झालं आणि पॅच केलेल्या पॅकेजच्या जागी डेबियनचं पॅकेज येऊन बसलं. सकाळी सर्व्हर उठेना. लॉगमध्ये लिहिलेलं: डेटा १२८ धरून तयार झालाय, सर्व्हर ६४ धरून कंपाइल केलाय. खाली सल्ला: पुन्हा कंपाइल करा किंवा इनिटडीबी करा.

त्या कार्यालयातून फोन केलेला मुलगा म्हणाला, "सर, फोल्डर रिकामं करून इनिटडीबी मारतो."

"अरे, हात लावू नकोस कशालाही!"

डेटा जसाच्या तसा होता. १२८ टाकून पॅकेज पुन्हा बांधलं, दुपारी सर्व्हर सुरू झाला. त्या मुलाचा काही दोष नव्हता. त्याला वाचायला कुणी काही ठेवलंच नव्हतं.

संयोजकांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर भराभर सांगतो. 'एपीटी सोर्स'नं सोर्स उतरवा, 'बिल्ड-डेप'नं लागणारी पॅकेजेस घ्या. बदल थेट फाइलीत करू नका, क्विल्ट या पॅच सांभाळणाऱ्या साधनानं पॅच करून डेबियन फोल्डरातल्या 'पॅचेस'मध्ये ठेवा. आवृत्तीला आपली शेपटी जोडा, '+लोकल१' चालेल. मग 'डीपीकेजी-बिल्डपॅकेज'नं पॅकेज बांधा. बांधताना चालणाऱ्या चाचण्यांत 'नेम'ची चाचणी नापास होणार, कारण नाव ६३वर तुटेल असं तिनं धरलेलं असतं. तिचं अपेक्षित उत्तर पॅचमध्येच बदला, सगळ्या चाचण्या बंद करू नका. एक्स्टेन्शनं, म्हणजे पोस्टग्रेसला जोडायचे पूरक भाग, तीही पुन्हा बांधा, जुनी लोडच होत नाहीत. पॅकेज 'होल्ड'वर टाका, म्हणजे ते आपोआप बदललं जाणार नाही. पण होल्ड म्हणजे सुरक्षेची अपडेटंही थांबली. पोस्टग्रेसच्या किरकोळ आवृत्त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबरात येतात, तेव्हा वर्षातून चारदा बांधणी आलीच.

आणि चेंजलॉगमध्ये, म्हणजे पॅकेजच्या बदलांच्या नोंदवहीत, काय बदललं, का बदललं, ते लिहा. ती फाइल यूटीएफ-८ आहे, मराठीत लिहिलंत तरी चालतं. मी तसंच लिहितो.