तुमच्या मित्रांची मुलं

(मिनेसोटातल्या आपल्या संक्रांत मेळाव्यातलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं आवरून घेतलेलं.)

नमस्कार मंडळी. मी प्रीस्कूलमध्ये शिकवते म्हणून कार्यकारिणीने मला 'मुलांचा सर्वांगीण विकास' हा विषय दिला. सर्वांगीण काही मला झेपणार नाही, एखादं अंग बघू. त्यात मसालेभाताचा वास इथवर यायला लागलाय, म्हणजे माझे ऐकणारे आता किती वेळ माझे राहतील ते दिसतंच आहे.

बोलायचं काय ते गेल्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात ठरलं. लेक पाचवीत आहे. तिची जिवाभावाची मैत्रीण सेंट पॉलला राहते, आग्नेय आशियातून इथे आलेल्या मोंग समाजातली आहे. तिच्याकडे आज स्लीपओव्हर. मी म्हटलं, "त्या दिवशी नाही जमणार, संक्रांतीचा कार्यक्रम आहे. आणि तिथे तुझे सगळे फ्रेंड्स येणारच आहेत की." तर बाईसाहेब म्हणाल्या, "आई, ते माझे फ्रेंड्स नाहीत. ते तुझ्या फ्रेंड्सची मुलं आहेत."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. सासूबाई मिरजेहून आल्या आहेत, त्या एकदम ताकात मीठ शोधायला लागल्या. पुढे जे व्हायचं ते झालं. आवाज चढले, दार आपटलं. दिवसभर मी दुसऱ्यांच्या चार वर्षांच्या पोरांना समजावत असते, की ओरडू नकोस राजा, काय हवंय ते नीट सांग. आमच्या घरात त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं, हे सासूबाईंना विचारा. समोरच बसल्यात.

पण ते वाक्य काही जाईना. ती खोटं बोलली असती तर मी इतकी चिडलेच नसते.

आता थोडं आपल्या गावाबद्दल. आपण आत्ता बसलोय तिथून अर्ध्या तासावर, मिनियापोलिसच्या विद्यापीठात, लहान मुलांची एक नर्सरी होती. 1926-27 मध्ये मिल्ड्रेड पार्टन नावाच्या संशोधक तिथे मुलांचा मोकळा खेळ बघत बसायच्या. मुलं दोन ते पाच वर्षांची. पद्धत साधी: एका मुलाकडे एक मिनिट बघायचं, ते काय करतंय आणि कुणाबरोबर करतंय ते टिपायचं, मग पुढचं मूल. 1932 मध्ये त्यांनी जे छापलं ते आजही आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. काही मुलं एकटीच रमतात. काही नुसती उभी राहून दुसऱ्यांचा खेळ बघतात. काही शेजारी शेजारी बसतात, दोघांसमोर वाळू, दोघांच्या हातात फावडं, पण खेळ ज्याचा त्याचा. आणि थोडी मोठी झाली की मिळून खेळतात: तू ड्रायव्हर, मी कंडक्टर, तो रडका प्रवासी. पायऱ्या अगदी काटेकोर नसतात, मोठं मूलही कधी एकटं रमतं. पण एकूण प्रवास आपल्यापुरत्या खेळाकडून मिळून मांडलेल्या डावाकडे होतो. तो डाव मांडताना मूल वाटाघाटी करतं, नमतं घेतं, समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय याचा अंदाज बांधतं. फ्लॅशकार्डवर हे येत नाही.

आता आपल्या पार्ट्या आठवा. वर आपण, खाली बेसमेंटमध्ये मुलं. मागच्या वेळी मी समोसे द्यायला खाली गेले होते. दहा-बारा वर्षांची सहा-सात मुलं एका सोफ्यावर, खांद्याला खांदा लावून, प्रत्येकाच्या हातात आपापला स्क्रीन. पार्टनबाईंनी त्यांना दोन वर्षांच्या मुलांच्या रकान्यात टाकलं असतं. आणि वर येऊन बघते तर आपणही तेच! चार जण टीव्हीकडे, चार जण फोनकडे, मधून मधून "बाकी काय?"

आम्ही सांगलीला वाड्यात राहायचो. तुमच्यातले कुणी चाळीतले, कुणी कॉलनीतले, सगळ्यांचं बालपण एकच आहे, ते मी कशाला सांगू? चकायचं, राज्य कुणावर ते ठरायचं, आणि अर्धा वेळ खेळण्यात, अर्धा भांडण्यात. टाइमप्लीज म्हटल्यावर आउट केलं तर धरायचं की नाही, यावर आमच्या वाड्यात सुप्रीम कोर्ट बसायचं. धाकटं भावंड गळ्यात पडलेलं असायचं, त्याला लिंबूटिंबू करून घ्यायचं. म्हणजे त्याला खेळताही येई आणि आमचा डावही बिघडत नसे. ही सोय आम्हाला कुठल्या मोठ्या माणसाने शिकवली नव्हती. मोठी माणसं खिडकीतून फक्त "जेवायला या" म्हणायची.

पियाजे हा स्विस मानसशास्त्रज्ञ जिनिव्हा आणि न्यूशातेलच्या मुलांकडे गोट्या घेऊन जायचा आणि म्हणायचा, मला खेळायला शिकवा, नियम काय ते सांगा. लहान मुलांना वाटायचं नियम वरून आलेत, बदलले तर पाप. दहा-बारा वर्षांची मुलं म्हणायची, सगळे हो म्हणाले तर बदलू की. हा बदल बापाने डोळे वटारून होत नाही, असं त्याचं म्हणणं. बरोबरीच्या पोरांशी हुज्जत घालूनच तो होतो. बापापुढे गप्प बसता येतं. मित्रापुढे गप्प बसलं तर डाव जातो आणि जास्त ताणलं तर मित्र जातो.

आणि आपण काय करतो? दोन मुलांचं वाजलं की व्हॉट्सॲपवर त्यांच्या आयांचं वाजतं. मुलं दुसऱ्या दिवशी बसमध्ये शेजारी बसतात. आया पुढच्या गणपतीपर्यंत एकमेकींना मोदक वाढत नाहीत. हसू नका, अशा दोन जोड्या मला इथून दिसतायत. शिवाय मैत्री ठरवताना आधी वडील काय करतात, मग मूल मॅथमध्ये कुठल्या ग्रुपला आहे, आणि काही जण हळूच आडनावसुद्धा. सासूबाईंनी परवा विचारलं, "तुमच्याकडे पोरांना खेळायलाही अपॉइंटमेंट लागते का गं?" लागते, आई. आणि ती आम्ही घेतो, मुलं नाही.

आता भाषेकडे येते, कारण मंडळात येऊन भाषेवर बोललं नाही तर वर्गणी परत मागतील. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला ज्युडिथ रिच हॅरिस मानसशास्त्राची विद्यार्थिनी असताना एका रशियन जोडप्याच्या घरी खोली घेऊन राहायची. आईबाप मुलांशी रशियन बोलायचे, त्यांचं इंग्रजी मोडकं. मुलं मात्र आपसात इंग्रजी बोलायची, तेही अस्सल तिथलं. बरीच वर्षं तिच्या डोक्यात हे घोळत राहिलं. 1960 मध्ये हार्वर्डने तिला पीएचडीतून काढलं होतं, पण 1995 मध्ये तिने लेख लिहिला, की मुलांवर आईबापांपेक्षा बरोबरीच्या मुलांचा ठसा मोठा असतो. त्या लेखाला जो पुरस्कार मिळाला, तो नेमका तिला काढल्याच्या पत्रावर सही करणाऱ्या माणसाच्या नावाचा. मला हॅरिसबाई पूर्ण पटत नाहीत. ज्या मुलाला घरी धीर मिळतो ते वर्गात लवकर मिसळतं, हे मी रोज बघते. पण भाषेबद्दल त्यांना खोटं कसं पाडणार? आपल्या प्रत्येकाच्या घरी पुरावा बसलाय. आपण मराठीत विचारतो, तो इंग्रजीत उत्तर देतो.

निकाराग्वात तर याहून नवल घडलं. तिथली कर्णबधिर मुलं आपापल्या घरी एकेकटी होती. 1977 नंतर मनाग्वात त्यांच्या शाळा सुरू झाल्या. शिक्षक वर्गात स्पॅनिश ओठ वाचायला शिकवत होते, ते फारसं जमेना. आणि मुलांनी पटांगणात, बसमध्ये, घरगुती खाणाखुणा एकमेकांत मिसळून आपली भाषा उभी केली. मागून आलेल्या लहानग्यांनी ती आणखी बांधेसूद केली. भाषातज्ज्ञ आले ते नंतर, लिहून घ्यायला.

आपली मराठी शाळा रविवारी दीड तास भरते आणि सुटल्याबरोबर सगळे गाड्यांकडे पळतात. कुणाला पियानो, कुणाला स्विमिंग. शिक्षिका जीव तोडून शिकवतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं मागणं एवढंच, की सुटल्यावर तासभर जिम उघडी ठेवा. कार्यक्रम नको, स्पर्धा नको, बक्षीस तर मुळीच नको. एक मोठं माणूस दारात, ते रक्त आलं तरच आत येईल. पोरं मराठीत खेळतील अशी खात्री मी देत नाही. भांडतील, एवढी नक्की देते.

एक गंमत सांगते. लेकीची ती मैत्रीण आमच्याकडे येते तेव्हा दोघी ऊनो खेळतात. परवा ती पानं लपवताना पकडली गेली आणि ठसक्यात म्हणाली, "आई शप्पथ, नो!" सासूबाई चाटच पडल्या. लेकीलाही त्यांच्या भाषेतल्या दोन-चार शिव्या येत असाव्यात, कारण अर्थ विचारला की दोघी खिदळतात. आमच्या घरात मराठी खेळात कुठे वापरली जात असेल, तर ती या मुलीबरोबर. आता हिला मी तिच्याकडे जाऊ नको म्हणू, ते कोणत्या तोंडाने?

तेव्हा तह झालाय. लेक आत्ता खाली आहे आणि नऊ वाजता मी तिला सेंट पॉलला सोडणार आहे. पण माझी खरी काळजी सप्टेंबरची आहे. दोघींच्या मिडल स्कूल वेगवेगळ्या. नव्या शाळेत डब्याच्या सुट्टीत कुणाच्या टेबलावर बसायचं, हे तिचं तिलाच ठरवावं लागणार. तिथे माझी ओळख चालत नाही आणि तुमचीही नाही. तेरा-चौदा वर्षांची झाली की आपली मुलं या मेळाव्यांना यायची बंद होतात, हे आपण सगळे बघतोय. मग ती कुणाबरोबर असतात, हे आपल्याला बऱ्याचदा इन्स्टाग्रामवरून कळतं. त्या वयात अडचण आली तर ती आधी कुणाला सांगतील? आईला नाही, हे मी धरूनच चालले आहे. मी माझ्या आईला कुठे सांगत होते? पण मला वाड्यात सांगायला तीन जणी होत्या. हिला कोण असेल, ते मला अजून दिसत नाही. तुमच्यापैकी ज्यांची मुलं त्या वयातून गेली आहेत, त्यांनी जेवताना मला जरा गाठा.