घागरीचा नंबर

मंडळी, जुनं नाटक करताना एक सोय असते. ती भूमिका आपल्याआधी कुणीतरी गाजवलेली असते. त्याच्यासारखं करायचं की मुद्दाम तसं करायचं नाही, एवढं ठरलं की निम्मी तालीम झाली म्हणा. नव्या संहितेत असा कुणी भेटत नाही. त्यातली वाक्यं आजवर एकाही तोंडातून गेलेली नसतात.

आमचं नवं नाटक इथलंच, लातूरच्या पाण्याचं होतं. काळ 2016च्या उन्हाळ्याचा. मांजरा धरण कोरडं, पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं नकोत म्हणून जमावबंदी, आणि एप्रिलात मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. तुम्हाला हे मी काय सांगावं? तुमच्यातले निम्मे तेव्हा नंबर लावून बसलेले. मी टँकरची वाट बघणारा निवृत्त मास्तर. दुसऱ्या अंकात त्याला दीड पानाचं स्वगत.

वाचनाला ते ऐकून सगळे गप्प झाले. पण बसून वाचलेलं सगळंच भारी वाटतं, हा माझा जुना अनुभव. उभा राहिलो, हातात घागर घेतली आणि सगळं फसलं. आठ दिवस फसत राहिलं. पाठ चोख, पण शब्द एकीकडे, घागर एकीकडे. दिग्दर्शक म्हणायचे, ‘‘आतून येऊ द्या.’’ आतून म्हणजे नेमकं कुठून, हे इतक्या वर्षांत मला एकाही दिग्दर्शकानं सांगितलेलं नाही.

तालीम एका शाळेच्या हॉलमध्ये रात्री चालायची. कुलूप लावायला एक मावशी थांबायच्या. नवव्या दिवशी त्यांनाच राहवलं नाही.

‘‘सर, घागर भरलेली हाय का रिकामी?’’

‘‘रिकामी, मावशी. नंबरात उभा आहे ना मी.’’

‘‘मग हातात कशाला धरायलाव? घागर नंबराला ठिवायची अन् माणसानं सावलीला जायचं. नंबर घागरीचा असतो.’’

मी घागर खाली ठेवली आणि बाजूला जाऊन बसलो. तिथून ते स्वगत तोंडातून निघेचना. सावलीत बसलेला माणूस घागरीवर डोळा ठेवतो, रांग हलली की उठून ती पायानं पुढे सरकवतो. दीड पान बोलायला त्याला सवड कुठली!

लेखक रुसले. दोन दिवस तालमीला आले नाहीत. त्यांची बाजूही खरी होती, प्रयोगाआधी संहिता तपासून परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाकडे प्रत पाठवायची तारीख डोक्यावर होती. तिसऱ्या दिवशी नवं पान घेऊन आले. स्वगत गेलेलं, त्याजागी कंसात एक ओळ: ‘मास्तर घागर पायाने पुढे सरकवतो.’

त्या ओळीवर आम्ही पुढचे पंधरा दिवस घालवले. रिकामी प्लॅस्टिकची घागर फरशीवर घासताना एक पोकळ खरखर होते. ती किती वेळ होऊ द्यायची, मध्ये थांबायचं का, बाजूच्या घागरीला धक्का लागला तर मास्तर कुणाकडे बघतो...

मावशी रोज बघायच्या. शेवटच्या आठवड्यात म्हणाल्या, ‘‘आता जमायलंय, सर. पण घागर लई नवी दिसायलीय.’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरची आणली.