चोक ओढा, पण पाय लांब ठेवा

ही प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली, 1089 सीसी, चार सिलिंडर, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. 1964 ला फियाट 1100 डिलाइट म्हणून सुरू झाली, मग काही काळ प्रेसिडेंट, आणि 70 च्या दशकात पद्मिनी. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा पेपरात फोटोबिटो आले, लोक हळहळले. पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली झाकलेल्या पद्मिनी अजून भरपूर आहेत आणि त्यांच्या मालकांची तक्रार साधारण एकच असते, सकाळी स्टार्टच होत नाही हो. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते. पुढचं वाक्यही ठरलेलं, कार्बोरेटर गेलाय वाटतं.

थांबा जरा. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा कार्बोरेटर बिचारा समोर दिसतो म्हणून त्याच्यावर आळ येतो. बॉनेट उघडलं की पहिला पाना त्यालाच लागतो, आणि चांगला चालणारा कार्बोरेटर उघडून, गॅस्केट फाडून, स्क्रू फिरवून ठेवला की मग खरोखरच बिघडतो. म्हणून आमच्या गॅरेजमधला नियम असा की कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी.

आधी सेल्फचा आवाज ऐका. इंजिन जड जड फिरतंय का? बॅटरीला मल्टीमीटर लावा, सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी म्हातारी झालीय, जात नसेल आणि तरी जड फिरत असेल तर अर्थिंगच्या पट्टीला, म्हणजे बॅटरी बॉडीला जोडणाऱ्या पट्टीला, गंज चढला असेल. तिथे चोक, म्हणजे थंड इंजिनला जास्त पेट्रोल देणारा नॉब, ओढून काही होणार नाही.

इंजिन नीट फिरतंय तरी लागत नाहीये, मग एक स्पार्क प्लग काढून बघा. पाच-सहा वेळा सेल्फ मारल्यावरही प्लग कोरडाठाक असेल तर पेट्रोल वर पोचतच नाहीये. ओला असेल आणि वास मारत असेल तर पेट्रोल आहे, करंट नाहीये, किंवा पेट्रोल जास्त झालंय. एवढ्या एका प्लगवरून अर्धं काम होतं, तरी लोक हे करत नाहीत, का ते कळत नाही.

ओला प्लग निघाला तर डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डब्याचं, झाकण उघडायचं. आत असतो पॉइंट, ठिणगीसाठी करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच. महिनोन्महिने उभ्या गाडीत पावसाळी दमटपणाने पॉइंटच्या तोंडावर एक पातळ थर बसतो आणि करंट अडतो. बारीक पॉलिश पेपरने तोंडं साफ करायची, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) गॅप बघायचा, पॉइंटला जोडलेला कंडेन्सर जुना असेल तर बदलून टाकायचा, फार महाग वस्तू नाही ती. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला अजून मिळते, फक्त डुप्लिकेट माल ओळखता आला पाहिजे.

कोरडा प्लग निघाला तर पंप. पद्मिनीला मेकॅनिकल पंप आहे, इंजिनच्या बाजूला बसलेला, कॅमशाफ्टवर चालणारा. ठिणगीचा करंट बनवणाऱ्या कॉइलला किल्लीच्या स्विचकडून येणारी बारीक वायर काढून ठेवा म्हणजे ठिणगी उडणार नाही, पंपाकडून कार्बोरेटरला जाणारा पाइप काढून बाटलीत सोडा आणि सेल्फ मारा. पंपाच्या प्रत्येक ठोक्याला चांगली पिचकारी यायला हवी. थेंब थेंब येत असेल तर डायफ्रॅम, म्हणजे पंपातला पेट्रोल ढकलणारा लवचिक पडदा, संपलाय किंवा आतले व्हॉल्व्ह पेट्रोल धरून ठेवत नाहीत. हीच सकाळच्या दुखण्याची जुनी जागा. गाडी आठवडाभर उभी राहिली की कार्बोरेटरच्या कटोरीतलं पेट्रोल उडून जातं, मग ती कटोरी परत भरेपर्यंत कमजोर पंप हापसत बसतो आणि तेवढ्यात बॅटरी मान टाकते.

आणि आता यात एक नवीन भर पडलीय, ई-20. 2023 पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता बहुतेक पंपांवर तेच आहे. कुर्ल्यातल्या इंजिनियर लोकांनी हे पेट्रोल डोळ्यासमोर ठेवून ही गाडी काही बनवली नव्हती. जुनं रबर इथेनॉलने फुगतं, नरम पडतं, पाइपच्या आतून काळे कण सुटतात आणि ते जाऊन बसतात जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकांत. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. मिश्रणही पातळ पडतं, साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण 14.7 भाग हवा लागते, ई-20 ला साडेतेरा, म्हणजे जुन्याच जेटमधून तेवढंच पेट्रोल आलं तर ते कमी पडणार, आणि थंड इंजिनला हे पहिल्यांदा जाणवतं. माझं स्पष्ट मत, बाकी काही करा न करा, पाइप आणि डायफ्रॅम इथेनॉल चालणाऱ्या मटेरियलचे घ्या. गळका पाइप गरम इंजिनवर म्हणजे खेळ नाही.

आता कार्बोरेटर. यातल्या बऱ्याच गाड्यांवर सोलेक्स कंपनीचा कार्बोरेटर आहे आणि सोलेक्सची थंड स्टार्टची पद्धत वेगळी. चोक म्हटलं की आपल्याला वाटतं वरून हवा बंद करणारी झडप, इथे ती नाहीये. इथे एक चपटी चकती आहे, तिला लहान-मोठी भोकं, आणि डॅशबोर्डवरचा नॉब ओढला की ती चकती फिरून थंड स्टार्टसाठीचा पेट्रोलचा वेगळा रस्ता उघडते, यालाच स्टार्टर म्हणतात, आणि तो निघतो थ्रॉटलच्या, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या, झडपेच्या खाली. थ्रॉटल बंद असताना तिथे जोरदार व्हॅक्यूम तयार होतो आणि तो पेट्रोल खेचतो. ॲक्सिलरेटर दाबला की झडप उघडते, व्हॅक्यूम गेला, स्टार्टर मेला! म्हणून थंड सोलेक्सला नॉब पूर्ण ओढायचा आणि पाय पेडलवरून बाजूला. इंजिन लागलं की नॉब अर्धा आत, म्हणजे लहान भोकं समोर येतात, गरम झालं की पूर्ण आत. पेडल मारत मारत स्टार्ट करायची सवय दुसऱ्या गाड्यांची, ती इथे उलटी पडते.

मग केबल बघा. जुनी केबल ताणली जाते, नॉब पूर्ण बाहेर आला तरी चकती अर्धीच फिरते, आणि लोक कार्बोरेटर किट बदलतात! बॉनेट उघडून एकाला नॉब ओढायला सांगा आणि लिव्हर शेवटपर्यंत जातो का, परत येतो का बघा. परत नाही आला तर गाडी काळा धूर सोडणार, प्लग काळे पडणार.

एवढं करूनही जमलं नाही तर उघडा. जेट पितळेचे असतात, त्यात तार घालायची नाही, भोक मोठं झालं की गेलं, हवा मारा, क्लीनर मारा. फ्लोट, म्हणजे कटोरीत तरंगून पेट्रोलची पातळी राखणारा तुकडा, कानाशी धरून हलवा, आत पेट्रोल खुळखुळलं तर तो बुडणार आणि कटोरी ओव्हरफ्लो होणार. थ्रॉटलचा दांडा वरखाली हलवून बघा, झिजलेला असेल तर तिथून हवा ओढली जाते आणि मग आयडलिंगचा स्क्रू कितीही फिरवा, गाडी मिसिंग मारत राहते. दांडा ज्यात फिरतो ते नवीन बुश बसवणारा खरादवाला (लेथवाला) शोधावा लागतो, आजकाल ते कठीणच झालंय कारण टॅक्सी सीएनजीवर गेल्या तेव्हाच या कामातले बरेच हात दुसरीकडे वळले.

राहिला गरम गाडीचा त्रास. खंडाळ्याचा घाट चढून चहाला थांबलात आणि परत लागेना, तर ते उलटं दुखणं, पंपात आणि पाइपात पेट्रोलची वाफ झालीय. बॉनेट उघडा, पंपावर ओलं फडकं टाका, दहा-पंधरा मिनिटं बसा. आणि सेल्फ मारताना चोकला हात लावू नका, गरम इंजिनला चोक दिला की प्लग ओले होतात, मग नॉब आत ठेवून पेडल पूर्ण दाबून धरायचं आणि सेल्फ मारत राहायचं, जास्तीचं पेट्रोल बाहेर निघेपर्यंत.